यूएएन, आधार आणि चेहरा: पीएफ खात्यात शिरायची नवी वाट

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला चाकणला पहिली नोकरी लागली. पेढे घेऊन आली आणि निघताना दारातच थबकून म्हणाली, "काका, एचआरवाले म्हणतायत पीएफचा यूएएन नंबर तूच काढून आण, आम्हाला आता काढता येत नाही. असं असतं का?"

मी तीसेक वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. आमच्या वेळी कामगाराचा पीएफ नंबर कंपनी काढायची, फॉर्म कंपनी भरायची, शिक्का कंपनीचाच. पैसे काढायचे झाले की माणूस फॉर्म १९ आणि १०-सी घेऊन आमच्या खिडकीशी ताटकळत उभा. त्यामुळे माझ्याही तोंडून आधी "असं कसं?" हेच निघालं. पण एचआरवाले खरं बोलत होते. तिचं काम त्या संध्याकाळी अर्ध्या तासात झालं. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचं करायला घेतलं, त्याला मात्र सव्वा महिना लागला. हा लेख मुख्यतः त्या सव्वा महिन्यामुळे लिहितोय.

बदललं काय?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेनं, म्हणजे ईपीएफओनं, ३० जुलै २०२५ला परिपत्रक काढलं. त्यानुसार १ ऑगस्ट २०२५पासून नवा यूएएन उमंग या सरकारी ॲपमधूनच निघतो, तोही आधारच्या चेहरा-पडताळणीनं. कंपनीच्या लॉगिनमधून यूएएन काढायची जुनी सोय आता अपवादांपुरती उरली आहे: आंतरराष्ट्रीय कामगार आणि नेपाळ-भूतानचे नागरिक.

यूएएन म्हणजे तुमचा बारा आकडी कायमचा पीएफ नंबर. तो २०१४ साली सुरू झाला. नोकरी बदलली की मेंबर आयडी, म्हणजे त्या कंपनीतल्या पीएफ खात्याचा नंबर, बदलतो, यूएएन तोच राहतो. मेंबर आयडी ओळखायला सोपा. सुरुवातीला ऑफिसची अक्षरं असतात: पुण्याचं पीयूपीयूएन, वांद्र्याचं एमएचबीएएन, ठाण्याचं टीएचटीएचए. पगाराच्या स्लिपवर बहुधा दोन्ही छापलेले असतात. लोक एकाच्या जागी दुसरा टाकतात आणि "चुकीचा नंबर दाखवतंय" म्हणून बसतात.

ज्यांचं खातं आधीपासून चालू आहे त्यांच्यासाठीही दार पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मेंबर पोर्टलवर, म्हणजे ईपीएफओच्या सभासदांसाठीच्या संकेतस्थळावर, यूएएन आणि पासवर्ड टाकला की आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो दिल्याशिवाय आत जाता येत नाही. पासवर्ड डायरीत जपून ठेवलाय, पण आधारचा मोबाईल नंबर सहा वर्षांपूर्वीच बंद पडलाय, असा माणूस बाहेरच राहतो. सोसायटीतल्या त्या मुलीचे वडील नेमके असेच.

माझं मत विचाराल तर बदल चांगला आहे. टाइम ऑफिसात बसून घाईघाईत टायपिंग करताना मी स्वतः किती जणांच्या नावांची वाट लावली ते मला ठाऊक आहे. आता नाव थेट आधारमधून उचललं जातं, मधला कारकून गेला. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आधारमध्ये चूक असेल तर ती तशीच्या तशी पीएफमध्ये येते. म्हणून पहिलं काम ॲप उतरवण्याचं नाही, आधार तपासण्याचं.

आधी आधार: मोबाईल, कुलूप, नाव, तारीख

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या मायआधार संकेतस्थळावर मोबाईल पडताळायची सोय आहे, तिला लॉगिन लागत नाही. आधार क्रमांक आणि तुम्हाला वाटतो तो मोबाईल नंबर टाका. तोच नोंदलेला असेल तर तसं सांगतं.

नोंदलेला नंबर भलताच निघणं हे फार जणांचं होतं. देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१०ला दिलं गेलं. त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत शाळांत, समाजमंदिरांत रांगा लावून नोंदण्या झाल्या. त्या गर्दीत कुणी भावाचा नंबर दिला, कुणी शेजाऱ्याचा, कुणी दिलाच नाही. बंद पडलेलं सिम तर आणखी वाईट, कारण टेलिकॉम कंपन्या तो नंबर काही काळानं दुसऱ्याला देतात. तुमचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असतो.

मोबाईल बदलायला आधार केंद्रात स्वतः जा. कागदपत्र काही लागत नाही, बोटाचा ठसा पुरतो. १ ऑक्टोबर २०२५पासून या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे. त्याहून जास्त मागितले तर पावतीवरचा आकडा दाखवा. पावती टाकून देऊ नका, तिच्यावरच्या क्रमांकावरून काम कुठवर आलं ते कळतं. नवा नंबर आधारमध्ये चढेपर्यंत पीएफच्या वाटेला जाऊ नका, उगाच तीन-चार वेळा अपयश पदरी पडतं.

दुसरी गोष्ट बायोमेट्रिकचं कुलूप. अंगठ्याच्या ठशानं खात्यातून पैसे काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा अनेकांनी शहाणपणानं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि नंतर विसरून गेले. त्या कुलपात बोटं आणि डोळ्यांबरोबर चेहराही येतो. ते लागलेलं असेल तर उमंगसमोर कितीही वेळा चेहरा धरा, उपयोग नाही. मायआधारमध्ये जाऊन तात्पुरतं उघडा, काम झालं की पुन्हा लावा.

आता नाव. आपल्याकडची नावं कॉम्प्युटरला कधी पटलीच नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, कंपनीच्या रजिस्टरात नुसती आद्याक्षरं. बायकांच्या बाबतीत याच्या दुप्पट. माहेरी वडिलांचं नाव मधे, सासरी नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा. नोकरी लागली माहेरच्या नावानं, आधार लग्नानंतर सासरच्या नावानं, बँकेचं खातं अजून माहेरचंच. अशी तिन्ही नावं एका ठिकाणी जुळवायची म्हणजे कसोटी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही, हे इथे सांगून ठेवतो. बदलायचंच असेल तर आधार, पॅन आणि बँक एका दमात बदला, आणि त्यानंतरच पीएफला हात घाला. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा काय लिहायचं ते घरी बसून नक्की करून जा.

जन्मतारखेचा घोळ पन्नाशीच्या पुढच्यांना. आपल्या गावोगावच्या हेडमास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेली एक अख्खी पिढी आहे. दाखल्यावर एक जून, आधारवर अंदाजानं टाकलेलं एक जानेवारी, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे श्रावणातला कुठला तरी सोमवार. पीएफच्या दृष्टीनं आधार आणि यूएएन यांत एकच तारीख हवी. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच दुरुस्त होते. ईपीएफओ मात्र जानेवारी २०२४पासून आधारला जन्मतारखेचा पुरावा मानत नाही. तिथे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला असं काही दाखवावं लागतं. म्हणून दाखल्यावरची तारीख धरायची, आधार तिच्याशी जुळवून घ्यायचं आणि मग पीएफ. उलट दिशेनं गेलात तर मधेच अडकाल.

फोनची तयारी

दोन ॲप लागतात: उमंग आणि आधारफेसआरडी. दोन्ही सरकारी, दोन्ही फुकट. फोनच्या अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको. आधारफेसआरडी उतरवल्यावर लोक ते उघडायला जातात आणि काहीच होत नाही म्हणून काढून टाकतात. ते उघडायचं ॲपच नाही. चेहरा तपासायची वेळ आली की उमंग त्याला आपोआप बोलावतं. फोनमध्ये नुसतं असलं की झालं.

उमंगमध्ये मोबाईल नंबर आणि ओटीपी देऊन एकदा नोंदणी करा आणि एमपिन, म्हणजे ॲप उघडायचा आकडी पासवर्ड, ठरवा. फोन फार जुना असेल, कॅमेरा अंधुक असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करता येतं. ओटीपी तुमच्या सिमवर येईल, चेहरा तुमचा लागेल, फोन कुणाचाही चालतो. काम झाल्यावर त्यातून बाहेर पडा एवढंच.

उमंगची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून "तिसरा चौकोन दाबा" असं सांगत नाही. वरच्या शोधाच्या चौकटीत ईपीएफओ टाइप करा. त्यात यूएएन सर्व्हिसेस आणि फेस ऑथेंटिकेशन असा उल्लेख असलेला गट दिसेल. तिथे तीन वाटा आहेत, आणि आपली कुठली ते आधीच ठरवून घ्या.

पहिली नोकरी: यूएएन काढणं आणि चालू करणं

ही वाट 'यूएएन अलॉटमेंट अँड ॲक्टिव्हेशन' या नावाची.

१. आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर टाका. संमतीच्या चौकोनात खूण करा.

२. ओटीपी मागवा आणि भरा. घाईत इथे बँकेचा वगैरे दुसराच ओटीपी टाकणारे पाहिलेत, संदेश वाचून टाका.

३. त्या आधारवर आधीच एखादा यूएएन असेल तर इथेच कळतं. कॉलेजात असताना सुट्टीत एखाद्या कॉल सेंटरला किंवा मॉलमध्ये दोन महिने काम केलं असेल, तर शक्यता दाट. तसं निघालं तर आनंदच आहे, तोच नंबर पुढे न्यायचा. दुसरा काढायच्या भानगडीत पडू नका.

४. नसेल तर चेहऱ्याच्या तपासणीची परवानगी मागेल. कॅमेरा सुरू होतो, पडद्यावर गोल चौकट येते. चेहरा त्यात नीट बसला आणि चौकट हिरवी झाली की फोटो आपोआप निघतो. बटण दाबायचं नसतं.

५. आधारशी चेहरा जुळला की यूएएन तयार होतो आणि मोबाईलवर संदेश येतो. उमंगमधून किंवा मेंबर पोर्टलवरून यूएएन कार्डाची पीडीएफ उतरवा आणि एचआरला द्या. यूएएन त्याच वेळी चालूही झालेला असतो, वेगळं काही करायचं नसतं.

त्या मुलीचं एवढ्यातच आटोपलं. पहिल्या नोकरीवाल्यांनी हे टाळू नये याचं आणखी एक कारण आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या आणि महिना एक लाखापर्यंत पगार असणाऱ्यांना प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून बँकेत आधार जोडलेलं आहे ना तेही त्याच दिवशी विचारून घ्या.

यूएएन आहे, पण कधी चालू केलाच नाही

पगारातून पीएफ कापला जातो, स्लिपवर यूएएन आहे, आत काय आहे ते कधी पाहिलेलं नाही. कारखान्यांत निम्मी माणसं मी अशीच पाहिली. त्यांच्यासाठी 'यूएएन ॲक्टिव्हेशन' ही दुसरी वाट. यूएएन, आधार, मोबाईल, ओटीपी आणि मग तसाच चेहरा. जुळलं की तात्पुरता पासवर्ड एसएमएसनं येतो.

यूएएनच माहीत नसेल तर मेंबर पोर्टलवर 'नो युवर यूएएन' आहे. मोबाईलच्या ओटीपीनंतर नाव, जन्मतारीख आणि आधार, पॅन किंवा मेंबर आयडी यांपैकी एक दिलं की दाखवतं. इथे नाव आणि तारीख पीएफच्या नोंदीशी जुळावी लागते, आधारशी नाही. कंपनीनं तेव्हा जे लिहिलं असेल ते आठवून टाका.

तिसरी वाट, यूएएन चालू असलेल्यांनी एकदा चेहरा पडताळून घेण्याची. पाच मिनिटांचं काम आहे, निवांत रविवारी करून टाका.

चेहरा जुळत नाही तेव्हा

लोक इथे सर्वांत जास्त वैतागतात, आणि कारण बहुतेक वेळा प्रकाशाचं असतं. ट्यूबलाइट डोक्यामागे, खिडकी पाठीमागे, म्हणजे चेहरा काळा. खिडकीकडे तोंड करून बसा, मागे साधी भिंत ठेवा. चष्मा, टोपी, मास्क काढा. डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर सरकवा. फोन हातभर अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत धरा. पापण्या मिटून उघडायला सांगितलं तर सावकाश मिटा, भराभर नको. समोर जिवंत माणूस आहे की नुसता फोटो, हे ॲप त्यावरून ओळखतं.

आधारचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल, दाढी-मिशी, वजन, आजार यानं माणूस बदलला असेल, तर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्यानं घ्यावं लागतं, त्याचं शुल्क १२५ रुपये. आमच्याकडच्या एका काकूंना मात्र उलटा अनुभव आला. त्या आयुष्यभर विड्या वळायच्या, बोटांचे ठसे कुठल्याच यंत्रावर उमटत नसत. रेशन दुकानात, बँकेत, सगळीकडे रड. चेहऱ्यानं पहिल्याच खेपेला जुळलं. विडी कामगार, धुणीभांडी करणाऱ्या, गवंडी, ज्यांची बोटं कामानं झिजली त्यांच्यासाठी ही वाट बोटापेक्षा बरी आहे.

पोर्टलवर पहिलं पाऊल

आता कॉम्प्युटरवर किंवा फोनच्या ब्राउझरवर ईपीएफओचं मेंबर पोर्टल उघडा. शोधून आलेल्या पहिल्या लिंकवर जाऊ नका, जाहिराती असतात. ईपीएफइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन या मूळ संकेतस्थळावरून आत शिरा. जीओव्ही डॉट इन नसेल तर ते सरकारी नाही.

यूएएन, तात्पुरता पासवर्ड, चित्रातली अक्षरं, मग ओटीपी. आत गेल्यावर पासवर्ड बदला. त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एखादं चिन्ह हवं. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, ते सगळ्या नातेवाइकांना माहीत असतं.

पासबुकाचं वेगळं संकेतस्थळ आहे, पासवर्ड तोच. पण नवा पासवर्ड तिथे चालू व्हायला सहा तास जातात. हे न कळल्यामुळे लोक पासबुक उघडायला जातात, चुकीचा पासवर्ड म्हटलं की पुन्हा बदलतात, मग आणखी सहा तास. एकदा बदला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. घाई असेल तर मेंबर पोर्टलच्या आतच सप्टेंबर २०२५पासून पासबुक लाइट आलंय, त्यात थोडक्यात जमाखर्च दिसतो. तुमच्या कंपनीचा पीएफ स्वतःचा ट्रस्ट सांभाळत असेल तर इथे पासबुक दिसणार नाही, तो हिशेब ट्रस्टकडेच मागायचा.

पासवर्ड विसरलात तर पोर्टलवरच 'फरगॉट पासवर्ड' आहे. तिथेही शेवटी आधारच्या मोबाईलवरच्या ओटीपीपाशी गाडी येते.

नाव जुळत नसेल तर: जॉइंट डिक्लरेशन

पीएफच्या नोंदीतली माहिती दुरुस्त करायचा अर्ज म्हणजे जॉइंट डिक्लरेशन. जानेवारी २०२५मध्ये यात मोठी सवलत मिळाली. तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७नंतर आधारवर निघालेला असेल, तर नाव, जन्मतारीख, लिंग, आई-वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, नोकरी लागल्याची आणि सोडल्याची तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर बदलू शकता. कंपनीची सही नको, ऑफिसची मंजुरी नको.

यूएएन त्याआधीचा असेल तर अर्ज ऑनलाइनच, पण कंपनीनं मंजुरी द्यावी लागते. आणि यूएएनच नसेल, आधार जोडलेलं नसेल किंवा सभासद हयात नसेल, तर कागदी अर्ज कंपनीमार्फत.

त्या मुलीच्या वडिलांचा सव्वा महिना इथे गेला. नोकरी २००९ची, आधारचं सिम मेलेलं, दाखल्यावर एक जून, पीएफमध्ये आडनावाचं स्पेलिंग वेगळं. त्यांनी आधी पीएफची दुरुस्ती मागितली होती, ती परत आली, कारण आधारच चुकलेलं. मग केंद्रात जाऊन मोबाईल, त्यानंतर दाखला दाखवून आधारची तारीख, मग जॉइंट डिक्लरेशन, त्यावर कंपनीची मंजुरी. मंजुरीसाठी जुन्या कंपनीत दोन चकरा झाल्या. कंपनी बंद पडलेली असती तर पीएफ ऑफिसच्या दारात जावं लागलं असतं.

आत शिरल्यावर लगेच करायची कामं

बँक खातं आणि आयएफएससी कोड केवायसीत तपासा. बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हा हजारो शाखांचे कोड बदलले, आणि जुन्या कोडवर पाठवलेले पैसे परत जातात. एप्रिल २०२५पासून बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही, धनादेशाचा फोटोही नाही. पॅन जोडलेलं हवंच. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त काढले तर पॅनसह १० टक्के कर कापतात, पॅनशिवाय २० टक्के.

नामनिर्देशन आजच करा. त्यासाठी प्रोफाइलमध्ये फोटो हवा आणि नॉमिनीचा आधार. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते चालत नाही, नव्यानं भरावं लागतं. हे न केल्यामुळे दिवस-कार्य उरकल्यावर वारसदाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबतच्या विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात, तेही या नावावरच अडतात.

जुनी नोकरी सोडल्याची तारीख चढलीये का ते बघा. कंपनीनं टाकली नसेल तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी 'मार्क एक्झिट'मधून तुम्हीच टाकू शकता. त्याशिवाय जुनी रक्कम नव्या खात्यात येत नाही.

परदेशातली माणसं आणि पेन्शनवाले

दुबई-मस्कतला गेलेल्यांचा पीएफ इथेच पडून असतो, आणि आधारचा ओटीपी परदेशी नंबरावर येत नाही. भारतातलं सिम थोड्या रिचार्जवर, रोमिंग चालू ठेवून जिवंत ठेवा. ते गेलंच असेल तर पुढच्या गणपतीला किंवा दिवाळीला गावी याल तेव्हा पहिल्याच आठवड्यात आधार केंद्र गाठा, शेवटच्या आठवड्यात नको.

ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला याच आधारफेसआरडीच्या मदतीनं जीवन प्रमाण ॲपमधून घरबसल्या देता येतो. नोव्हेंबरातच द्यायची सक्ती नाही. वर्षात केव्हाही द्या, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. आजोबांचं करून देणाऱ्या नातवानं तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

दुकानदार, एजंट आणि फोनवरचे साहेब

यातल्या ईपीएफओच्या कुठल्याही सेवेला पैसे लागत नाहीत. दुकानातून करून घेत असाल तर टायपिंगचे पैसे द्या, पण पासवर्ड स्वतः टाका, ओटीपी मोठ्यानं वाचू नका आणि उठण्याआधी समोरच लॉगआउट करायला लावा. पीएफचं ऑफिस फोन करून ओटीपी, पासवर्ड, आधार मागत नाही. "तुमचा क्लेम अडकलाय, हे ॲप टाका" असं सांगणारा तुमचा पडदा बघायच्या मागे असतो. चुकून दिलंच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार करा.

खरोखर अडलं तर ईपीएफओची हेल्पलाइन १४४७०. लेखी तक्रार ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर टाका, तिचा नोंदणी क्रमांक मिळतो, नुसत्या फोनला तो नसतो. आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, पॅन, पासबुक, शाळेचा दाखला, जुनी पगाराची स्लिप आणि नाकारलेल्या अर्जाचा छापील कागद न्या. "रिजेक्ट झालं" एवढं सांगून तिथला माणूस काही करू शकत नाही. कारण काय लिहिलंय ते त्याला वाचायला हवं.

ती मुलगी परवा पुन्हा भेटली. पगार झालाय, पण पीएफ दिसत नाही म्हणाली. कंपनीला मागच्या महिन्याचे पैसे भरायला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुदत असते, म्हणून वीस-बावीसपर्यंत थांब म्हटलं आणि मिस्ड कॉलचा नंबर लिहून दिला: ९९६६०४४४२५. नोंदलेल्या मोबाईलवरून लावायचा, दोन रिंगांत आपोआप कट होतो आणि शिल्लक एसएमएसनं येते. बावीस तारखेला तिचा मेसेज आला: "काका, आलं. पण कंपनीचे माझ्यापेक्षा कमी का?" कमी नाहीत बाई, त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनच्या रकान्यात गेलेत. पासबुकात उजवीकडे बघ.